सायकलीचा सराव आणि विसावा

उद्योगाची थोरवी आपणांस बालपणापासून ऐकविली जाते. आळस हा मनुष्याचा शत्रू आहे, घाम गाळल्यावाचून यश पदरी पडत नाही, ही वचने आपण शाळेच्या भिंतींवर वाचतो आणि ती खरीही आहेत. विसाव्याविषयी मात्र आपणांस फारसे कोणी काही सांगत नाही. विसावा म्हणजे उद्योगाचा अभाव, किंबहुना आळसाचेच एक सभ्य नाव, अशी आपली समजूत होऊन बसते. शरीराला कष्ट देऊन काही कमावू पाहणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत ही समजूत हानिकारक ठरते. ती का, याचा सायकलीच्या सरावाच्या अनुषंगाने थोडा विचार करावा, असा आमचा हेतू आहे.

आमच्या बेळगाव परिसरात सायकलीवरून शाळेत येणारी मुले आजही आहेत. त्यांतील काहींना पुढे वेगाची गोडी लागते. पहाटे उठून सांबऱ्याच्या रस्त्यावर जावे, ठरावीक अंतर तोडावे आणि घड्याळ पाहावे, असा त्यांचा परिपाठ सुरू होतो. पहिले दोन-तीन महिने मोठ्या आनंदाचे जातात. ज्या दहा किलोमीटरांना तीस मिनिटे लागत, त्यांना सत्तावीस लागतात, मग पंचवीस लागतात. आणि मग एके दिवशी ही प्रगती थांबते. महिना गेला तरी घड्याळाचा काटा पंचवीस मिनिटांच्या आत येत नाही. मुलगा जिद्दी असला तर तो रविवारची सुट्टी बंद करतो, सकाळच्या फेरीला संध्याकाळची फेरी जोडतो आणि रोज जीव तोडून पायटे मारतो. पण आता पंचवीसची सव्वीस मिनिटे होतात! पाय शिशासारखे जड वाटतात, वर्गात डोळे मिटू लागतात आणि घरी लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होते. शेवटी ‘आपल्या अंगात दमच नाही’ असा निष्कर्ष काढून तो सायकल कोपऱ्यात उभी करून ठेवतो. ज्याने सर्वांत अधिक कष्ट केले, तोच स्वतःला नालायक ठरवून मोकळा होतो, ही आम्हांस मोठी दुःखाची गोष्ट वाटते. कारण त्याचा तो निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो.

गोव्याकडून चोर्ला घाट चढून वर येणाऱ्यास जशी पुढे सपाटी लागते, तशीच ही अवस्था असते. म्हणूनच क्रीडाशिक्षक तिला ‘पठार’ म्हणतात. पठार लागले म्हणजे शिखर आले असे नव्हे. परंतु पुढची चढण शोधण्यापूर्वी हे पठार कशामुळे लागले, हे समजून घेतले पाहिजे. त्याची मुख्य कारणे तीन आहेत.

पहिले कारण आपल्या अंगात नसून हवेत आहे. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बरीचशी शक्ती समोरची हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. गणिताच्या भाषेत सांगावयाचे तर वेग एक दशांशाने वाढविण्यासाठी ही शक्ती १.१ च्या घनाइतकी, म्हणजे १.३३१ पट लागते. ताशी वीस किलोमीटरांवरून बावीस किलोमीटरांवर जावयाचे झाले, तर हवेशी झुंजण्यास जवळजवळ एक तृतीयांश अधिक शक्ती हवी! यावरून हे दिसेल की, नवशिक्याला पहिली पाच मिनिटे वाचविणे सोपे असते. पण पुढचे एकेक मिनिट अधिकाधिक महाग होत जाते. अंगातील शक्ती थोडीथोडी वाढत असूनही घड्याळावर ती चटकन दिसत नाही. तेव्हा घड्याळ थांबले म्हणजे शरीरही थांबले, असे लगेच मानू नये.

दुसरे कारण शरीराच्या काटकसरी स्वभावात आहे. शरीर कारणावाचून काही कमावीत नाही. नवे ओझे पडले म्हणजे ते पेलण्यापुरती तयारी ते करते आणि ओझे तेवढेच राहिले की तयारीही तेथेच थांबते. रोज तोच रस्ता, तेच अंतर आणि तोच मध्यम वेग ठेवला, तर शरीराला त्या कामाची सवय होते. अधिक कमावण्याचे त्यास प्रयोजनच उरत नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि कष्टाळू मुलांचे पाय बहुधा तेथेच अडकतात. ते म्हणजे झीज भरून येण्यास मिळालेला अपुरा वेळ. जोराने सायकल चालविताना आपण बलवान होत नसतो. त्या वेळी आपण खरोखर दुर्बळच होत असतो. स्नायूंतील इंधन संपत येते, स्नायूंच्या सूक्ष्म तंतूंना इजा पोहोचते, घामावाटे पाणी आणि क्षार निघून जातात. संध्याकाळी थकून परतलेला मुलगा सकाळी निघालेल्या मुलाहून अशक्त असतो. यानंतरच्या तासांत आणि दिवसांत, अन्न व झोप मिळाली म्हणजे, शरीर डागडुजीस लागते आणि पुढच्या वेळी असाच प्रसंग आला तर तो सोपा जावा म्हणून पूर्वीपेक्षा थोडे अधिक बांधून ठेवते. ही जी थोडीशी अधिक भर, तीच सरावाची खरी कमाई होय. ती पडण्यापूर्वीच दुसरा घाव घातला, तर कमाई बाजूला राहून मुद्दलातच तूट येऊ लागते.

ही केवळ कल्पना नाही. स्टॉकहोम येथील योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोन शास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत फार उद्बोधक आहे, आणि योगायोग असा की तो सायकलीवरच झालेला आहे. आपल्या स्नायूंत ग्लायकोजेन नावाचे पिष्टमय इंधन साठविलेले असते. जोराचे काम मुख्यतः याच इंधनावर चालते. बर्गस्ट्रॉम यांनी स्नायूचा अगदी लहानसा तुकडा सुईने काढून तपासण्याची रीत प्रचारात आणली होती. तिचा उपयोग करून हे इंधन किती खर्च होते आणि कसे भरून येते, हे त्यांस पाहावयाचे होते. त्यासाठी हे दोघे स्वतःच एका जागी खिळविलेल्या सायकलीच्या दोन बाजूंस बसले. एकाने एक पाय चालवावयाचा, दुसऱ्याने एक. प्रत्येकाचा दुसरा पाय स्वस्थ! अशा रीतीने ते अगदी थकून जाईपर्यंत पायटे मारीत राहिले. तपासणीत असे दिसले की, कामाच्या पायातील इंधन जवळजवळ संपले होते आणि स्वस्थ पायातील होते तसेच होते. त्यानंतर तीन दिवस त्यांनी पिष्टमय पदार्थांनी भरपूर असे अन्न घेतले. तेव्हा थकलेल्या पायातील इंधन पूर्वीइतके भरून तर आलेच, पण पुढे वाढत जाऊन स्वस्थ पायातील इंधनाच्या सुमारे दुप्पट झाले. स्वस्थ पायात मात्र विशेष फरक पडला नाही.

या प्रयोगाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. माणूस एकच, रक्त एकच, अन्नही एकच. तरी एक पाय श्रीमंत झाला आणि दुसरा होता तसाच राहिला. ज्याने काम केले नाही, त्याला अन्न आणि विसावा यांचा लाभ झाला नाही. म्हणून नुसता विसावा व्यर्थ आहे. पण ज्याने काम केले, त्याचीही भरभराट त्या कामाच्या वेळी झाली नाही. ती मागाहून, अन्न आणि अवधी मिळाल्यावर झाली. श्रम हे पेरणीसारखे असतात आणि विसावा हा उगवणीच्या काळासारखा. पेरलेले उगवले की नाही हे पाहण्यासाठी जो रोज माती उकरतो, त्याच्या हाती पीक कसे लागावे?

खेळांच्या इतिहासातही याची साक्ष मिळते. चेकोस्लोव्हाकियाचा सुप्रसिद्ध धावपटू एमिल झाटोपेक हा आपल्या कठोर सरावाबद्दल जगभर नावाजलेला होता. १९५० साली ब्रुसेल्स येथे युरोपीय अजिंक्यपदाच्या शर्यती होत्या. त्यांच्या तोंडावर अन्नविषबाधेमुळे त्याला रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि सराव बंद पडला. आता याचे कसे होणार, असे कोणासही वाटले असते. परंतु तेथून बाहेर पडल्यावर त्याने दहा हजार मीटरांची शर्यत दुसऱ्या क्रमांकाच्या धावपटूस एका मिनिटाहून अधिक अंतराने मागे टाकून जिंकली आणि पाच हजार मीटरांचीही जिंकली. आजारपण चांगले असा याचा अर्थ कोणी काढू नये. वर्षानुवर्षांच्या मेहनतीने अंगात साचलेले सामर्थ्य सक्तीच्या विसाव्यामुळे मोकळे झाले, असा क्रीडाशिक्षक त्याचा अर्थ लावतात. आज निष्णात खेळाडू मोठ्या स्पर्धेपूर्वी एक-दोन आठवडे सरावाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणतात, ते याच तत्त्वाला धरून होय.

सायकलीच्या शर्यतींतही विसाव्याची योजना आरंभापासून आहे. ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ साली प्रथम भरली. तेव्हा एकंदर २,४२८ किलोमीटरांचे अंतर सहा टप्प्यांत वाटले होते आणि बहुतेक टप्प्यांच्या मध्ये काही दिवस विश्रांतीचे ठेविले होते. आता तीत एकवीस टप्पे असतात आणि विश्रांतीचे दिवस सामान्यतः दोनच. पण गंमत अशी की, त्या विश्रांतीच्या दिवशीही बहुतेक स्वार तास-दोन तास अगदी सावकाश सायकल फिरवून येतात. हलक्या चालीने पाय मोकळे होतात आणि अंग आखडत नाही, असा त्यांचा अनुभव आहे. आपल्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका खंड ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. अशा संघाची रीत अशी की, एकाने रस्ता तोडावा आणि तेवढ्या वेळात दुसऱ्याने विसावा घ्यावा. एवढे प्रचंड अंतर तोडावयाचे झाले तरी विसाव्याचा हिशेब आधी मांडावा लागतो, तो असा.

आता प्रत्यक्ष सराव कसा बदलावा, ते पाहू. पठारावर अडकलेल्या मुलाचा एक ठरलेला दोष असतो. त्याचे कठीण दिवस पुरेसे कठीण नसतात, कारण तो आधीच थकलेला असतो. आणि त्याचे सोपे दिवस पुरेसे सोपे नसतात, कारण सावकाश जाण्याची त्याला लाज वाटते. सगळे दिवस एकाच मध्यम रंगात रंगतात. यावर उपाय म्हणजे हे दोन रंग स्पष्ट वेगळे करणे. लांब पल्ल्याच्या निष्णात खेळाडूंच्या सरावाचे निरीक्षण करणाऱ्यांना असे आढळले आहे की, त्यांचा सुमारे ऐंशी टक्के सराव हलका असतो आणि खरोखर कठीण असा सराव पाचातील एखादा हिस्साच असतो.

शाळकरी मुलासाठी आठवड्याची आखणी अशी करता येईल. सोमवारी सरावाला पूर्ण सुट्टी. मंगळवारी अंग गरम झाल्यावर तीन-तीन मिनिटे जोराने आणि मध्ये तीन-तीन मिनिटे सावकाश, अशी चार-पाच आवर्तने. बुधवारी अर्धा-पाऊण तास अगदी हलकी फेरी. गुरुवारी पुन्हा विसावा. शाळेत जाण्यायेण्यापुरती सायकल चालवावी. शुक्रवारी चढाचा सराव. राजहंसगडासारखा एखादा चढ, अथवा गावाजवळची कोणतीही टेकडी, तीन-चार वेळा दमाने चढावी. शनिवारी हलकी फेरी किंवा सुट्टी. रविवारी मित्रांसह दीड-दोन तासांची लांब पण सावकाश सफर. हलकी चाल कोणती, हे ओळखण्यास यंत्राची गरज नाही. शेजारच्या मित्राशी पुरी वाक्ये बोलता आली पाहिजेत. बोलताना धाप लागली तर चाल हलकी राहिली नाही, असे समजावे.

याप्रमाणे तीन आठवडे सराव थोडाथोडा वाढवीत न्यावा आणि चौथ्या आठवड्यात तो निम्म्यावर आणावा. हा चौथा आठवडा सर्वांत कठीण जातो, कारण अंगात हुशारी वाटू लागते आणि मन म्हणते, ‘आजच जोर लावून पाहू.’ त्या मनाला आवरावे. आठवडा संपल्यावर, वारा नसेल अशा सकाळी, त्याच रस्त्यावर तेच अंतर तोडून वेळ मोजावी. रोज घड्याळाशी झटण्यापेक्षा महिन्यातून एकदा अशी परीक्षा घेणे पुरे. पहिल्याच महिन्यात चमत्कार घडेल, असे आश्वासन आम्ही देत नाही. परंतु दोन-तीन महिने ही शिस्त पाळणाऱ्यास काट्याची हालचाल बहुधा दिसू लागते.

यासाठी एक लहानशी वही ठेवावी. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी पूर्ण एक मिनिट नाडी मोजून तिची नोंद करावी. झोप कशी झाली, भूक आणि उत्साह कसा आहे, हेही दोन शब्दांत लिहावे. नाडी नेहमीपेक्षा पाच-दहा ठोक्यांनी अधिक असून दोन-तीन दिवस तशीच राहिली, झोप मोडू लागली, अन्नावरची वासना गेली किंवा पायांचा जडपणा जाईना, तर झीज भरून आलेली नाही असे समजावे आणि कठीण दिवस पुढे ढकलावा. ताप अंगात असता सराव कदापि करू नये. दोन आठवडे विसावा घेऊनही थकवा जात नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. पुष्कळ मुलींच्या, आणि काही मुलांच्याही, थकव्याच्या मुळाशी रक्तातील लोहाची कमतरता असते आणि ती सरावाने नव्हे, उपचाराने दूर होते.

विसावा म्हणजे नुसते बसून राहणे नव्हे. त्याची दोन अंगे आहेत, अन्न आणि झोप. तालमीतील आपले जुने वस्ताद मेहनतीबरोबर खुराकाचीही तितकीच काळजी घेत, हे सर्वांस ठाऊक आहे. सायकलस्वाराला महागड्या डब्यांतील चूर्णांची गरज नाही. कठीण फेरीनंतर तासाभरात पोहे, केळी, गूळशेंगदाणे किंवा दूधभाकरी यांपैकी काही पोटात जावे आणि जेवणात भात, भाकरी, वरण, उसळ व ताक असावे. इतके घरोघरी साधते. उपाशीपोटी जोराचा सराव करून परत शाळेची घंटा गाठण्यासाठी न खाताच धावणे, हे मात्र हमखास पठार गाठण्याचे साधन आहे. झोपेच्या बाबतीत तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना रोज आठ ते दहा तासांची गरज असते, असे वैद्यकशास्त्र सांगते. गाढ झोपेतच शरीरात वाढीचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवते. रात्री बारापर्यंत दूरध्वनीच्या पडद्याकडे पाहत बसावे आणि पहाटे पाचला सरावास निघावे, असा बेत करणाऱ्याने दोन तास अधिक झोपून सराव अर्धा केला, तरी त्याचा अधिक लाभ होईल.

या ठिकाणी घरच्या वडीलधाऱ्यांसही दोन शब्द सांगावेसे वाटतात. सराव करणारा मुलगा सोमवारी सकाळी अंथरुणात दिसला म्हणजे ‘झाला का उत्साह थंड?’ असे आपण सहज बोलून जातो. मुलगा मानी असेल तर तो तसाच उठून सायकल बाहेर काढतो आणि सगळी आखणी मोडते. वाढत्या वयात शरीराला दुहेरी काम असते. सरावाची झीज भरावयाची आणि उंची, हाडे व स्नायूही वाढवावयाचे. त्यास प्रौढांपेक्षा अधिक अवधी लागला, तर त्यात नवल नाही. आखणीप्रमाणे घेतलेला विसावा हा सरावाचाच भाग आहे, असे घरात मानले गेले, तर मुलांचे अर्धे काम सोपे होईल.

उलटपक्षी, विसाव्याचे हे महत्त्व ऐकून कोणी आनंदाने गादी पसरू नये! दोन-तीन आठवडे सराव पुरता सोडला, तर कमावलेला दम ओसरू लागतो. स्वस्थ राहिलेल्या त्या पायाची गोष्ट आपण विसरता कामा नये. ‘अति तेथे माती’ ही म्हण श्रमाला लागू पडते, तशी विसाव्यालाही लागू पडते. आहार, विहार, निद्रा आणि जागृती या सर्वांत प्रमाण असावे, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. सायकलस्वाराने ते सायकलीच्या दांडीवर लिहून ठेवावे.

विद्यार्थिमित्रहो, पठार लागले म्हणून स्वतःला कमी लेखू नका. तुम्ही केलेले श्रम वाया गेलेले नाहीत. ते तुमच्या अंगात आहेत आणि फळास येण्यासाठी थोडा अवधी मागत आहेत. तो अवधी त्यांना द्या. कठीण दिवशी मनापासून कष्ट करा, सोप्या दिवशी निःसंकोचपणे सावकाश जा, पोटभर जेवा आणि वेळेवर झोपा. कोपऱ्यात उभी केलेली सायकल पुसून, चाकांत हवा भरून, येत्या सोमवारी मात्र तिला घरीच ठेवा. मंगळवारी ती तुम्हांला अधिक हलकी लागेल.